पाहुणीनं पावातून दिलेली गोळी

तिकोणा गडाच्या पायथ्याला, तिकोणा पेठेत आमच्या घराच्या वरच्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. गड बघायला आलेली माणसं मुक्काम करतात, पिठलं-भाकरी खातात आणि जाताना आमच्या कुत्रीचे फोटो काढतात. ती आता म्हातारी झालीय. मागचे पाय आखडतात, म्हणून कामशेतच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या वजनाच्या हिशेबानं दुखण्यावरचं औषध लावून दिलंय. रोज सकाळी मीच देते.

त्या रविवारी मी पोहे घेऊन वर गेले, तर पाहुणीबाई हसत म्हणाल्या, "किती लंगडत होती हो बिचारी! मी माझी पेनकिलर दिली तिला, पावात घालून."

सकाळचं औषध तिच्या पोटात गेलेलंच होतं.

"कुठली गोळी? पाकीट दाखवा."

"अहो, साधीच आहे. पाठदुखीला मी घेते ना! आमच्याकडेही कुत्रा आहे, मला कळतं त्यातलं."

"एकच दिली?"

"एकच. म्हणजे... ती थुंकली असं वाटलं, म्हणून अजून एक."

मी पाकीट जवळजवळ हिसकावूनच घेतलं आणि डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी गोळीचं नाव, ताकद, कुत्रीचं वजन, दोन्ही औषधं कधी दिली ते विचारलं. "लगेच आणा. या गोळीनं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, किडनीही जाऊ शकते. त्यात तुमचं औषध आधीच दिलंय."

तोवर सासूबाई तांब्या घेऊन आल्या. "मिठाचं पानी पाज तिला. समदं भाईर येतंय बघ."

डॉक्टरांना ते फोनवर ऐकू गेलं. "मीठ अजिबात नको! त्यानंच जिवावर बेतेल. घरी काही करू नका."

सासूबाईंनी तांब्या तिथंच ओतला. "बरं, न्हाई पाजत. जा तू लवकर."

जाणार कशी? पाहुण्यांची गाडी आमच्या फाटकात आडवी उभी. "हे आंघोळीला गेलेत," बाई म्हणाल्या. "पाच मिनिटं थांबा ना, एवढं काय झालंय?"

एवढं काय झालंय! इतक्या वर्षांत पाहुण्यांवर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी ओरडले, "किल्ली द्या आधी!"

नवऱ्यानं त्यांची गाडी बाजूला घेतली आणि आम्ही निघालो. पवना धरणाकडं येणाऱ्या रविवारच्या गाड्यांतून वाट काढत कामशेत गाठलं. डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन तिला उलटी करवली, सलाईन लावलं. पावाचे तुकडे पडले, त्यात एक गोळी अर्धवट विरघळलेली. दुसरी मात्र अंगात भिनलीच होती. संध्याकाळपर्यंत मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. पुढं काही दिवस सलाईनच्या फेऱ्या आणि रक्ताच्या तपासण्या. किडनी शाबूत राहिली. ती पुन्हा भाकरी मागायला लागली, तेव्हा कुठं माझ्या घशाखाली घास उतरला.

आणि त्याच आठवड्यात बाईंनी आमच्याबद्दल इंटरनेटवर लिहिलं : "जागा सुंदर. मालकीणबाई उद्धट. नाश्ता अर्धवट टाकून कुत्र्याला घेऊन निघून गेल्या."

नवरा म्हणाला, "सोड ना. धंदा आहे आपला."

"धंदा आहे म्हणून काय झालं? कुत्री कशी आहे, एवढं तरी विचारलं का तिनं?"

मी खाली उत्तर लिहिलं. कुठली गोळी, कशी दिली, पुढं काय झालं, सगळं. नवरा अजूनही म्हणतो, काढून टाक. मी काढलेलं नाही.