सरडा जेवला का?

मुलीला खरं म्हणजे बोआ हवा होता. बोआ म्हणजे भक्ष्य आवळून अख्खं गिळणारा भलामोठा साप. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. त्याला मेलेला उंदीर लांब चिमट्यानं कसा द्यायचा, जेवल्यावर दोन दिवस त्याला हात का लावायचा नाही, याचे व्हिडिओ ती दिवसभर बघायची. मी अजिबात चिडलो नाही. या देशात साप पाळायला कायद्यानं बंदी आहे, हे मी तिला इतक्या आनंदानं सांगितलं की बायको म्हणाली, "कायदा तूच केल्यासारखा बोलतोयस." माझा आनंद आठवडाभर टिकला. तेवढ्या वेळात मुलीनं तो कायदा वाचून काढला आणि सरड्याला परवानगी आहे, हे शोधून आणलं.

अशा रीतीनं आमच्याकडे बिअर्डेड ड्रॅगन आला. मूळ ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला, वीतभर अंग, त्याहून लांब शेपूट आणि हनुवटीखाली काटेरी दाढी. घरात त्याला नाव होतं, पण मी सरडाच म्हणायचो. चार वर्षं मी त्याच्याकडे आणि त्यानं माझ्याकडे दुर्लक्ष केलं. आमचं बरं चाललं होतं.

मग फेब्रुवारीत मुलगी क्राइस्टचर्चला युनिव्हर्सिटीत गेली. तिच्या हॉस्टेलवर प्राणी चालत नाहीत. वेलिंग्टनजवळच्या लोअर हटच्या घरात मी, बायको आणि तो असे तिघे उरलो. निघण्यापूर्वी तिनं फ्रिजवर सूचनांचा कागद चिकटवला. खायला द्यायचा टोळ त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको, नाहीतर आतडं तुंबतं. टोळाला कॅल्शियमची पावडर लावायची. न खाल्लेले किडे त्याच्या काचेच्या पेटीत सोडून जायचं नाही, ते उलट त्यालाच चावतात. त्याला हात लावला की साबणानं हात धुवायचे, आणि त्याची भांडी किचनच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ होती, ती माझ्यासाठी. एअरपोर्टवर तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "बाबा, प्लीज, त्याला मरू देऊ नकोस हं." स्वतःबद्दल काही बोलली नाही.

आमचं घर शाकाहारी. तरी दर शनिवारी मी जिवंत टोळांचा डबा आणायला लागलो. डब्यातून सतत खुसखुस आवाज यायचा. बायकोनं पहिले दोन आठवडे तो गॅरेजच्या आत येऊ दिला नाही. मग तिनं टोळांना 'त्याची भाजी' म्हणायला सुरुवात केली आणि प्रश्न मिटला. "येताना त्याची भाजी आण रे, संपलीय," असे तिचे मेसेज मला ऑफिसमध्ये यायचे.

रोज संध्याकाळी मुलगी विचारायची, तो जेवला का. मी लिहायचो, जेवला, पोटभर. मग मी विचारायचो, तू जेवलीस का. ती लिहायची, हो बाबा, हीप्स, म्हणजे भरपूर. आमच्यात एवढंच बोलणं व्हायचं, आणि मला ते पुरेसं वाटायचं.

मे महिन्यात, इथली थंडी सुरू होताना, सरड्यानं खाणं सोडलं.

पहिले तीन दिवस मी मनावर घेतलं नाही. चौथ्या दिवशी हातपाय गाळले. इंटरनेटवर बघितलं तर एक जण म्हणतो, थंडी पडली की तो असाच सुस्तावतो, बिलकुल छेडू नका. दुसरा म्हणतो, आतडं तुंबलंय, ताबडतोब कोमट पाण्यात बसवा. तिसरा म्हणतो जंत, चौथा म्हणतो तेच तेच खाऊन कंटाळलाय. दुखणं कुठलंही असो, लक्षण एकच, खात नाही. मी इंजिनिअर आहे. वीस वर्षं इमारतींमधली हवा गरम आणि गार ठेवण्याचं काम करतोय. बिघाड झाला की काहीतरी वाजतं, गळतं किंवा तापतं, याची मला सवय. हा नुसता बसून राहायचा. मी समोर गेलो की एक डोळा माझ्याकडे वळवायचा आणि मिटायचा. मला काहीच कळेना, आणि काही कळलं नाही की मला राग येतो. "अरे, सांग तरी काय हवंय!" असं मी एका सरड्यावर ओरडलो आहे.

शेवटी आम्हाला जे येतं ते आम्ही केलं. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून आमटी वाढणारी माणसं आम्ही. बायको तर यासाठी वेलिंग्टनच्या मराठी मंडळींत प्रसिद्ध आहे. सकाळची ट्रेन पकडण्याआधी मी त्याच्यापुढे किसलेला भोपळा धरायचो. ती घरून काम करते, त्यामुळे मीटिंगा संपल्या की तिची फेरी. कोथिंबीर, गाजर, ढोबळी मिरची. संध्याकाळी मी चिमट्यात टोळ धरून त्याच्या नाकासमोर नाचवायचो. "घे रे, एकच घे," असं आम्ही दोघं मराठीतून त्याची मनधरणी करायचो. तो तोंड फिरवायचा. मग आम्ही दुसऱ्या बाजूनं जायचो.

शिवाय सकाळचं कोवळं ऊन अंगाला चांगलं, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. म्हणून मी त्याची पेटी मुलीच्या खोलीतून उचलली आणि लाउंजच्या पूर्वेकडच्या खिडकीला लावली. मेहनतीचं काम होतं. मला फार बरं वाटलं.

आणि रोज संध्याकाळी मी मुलीला लिहीत होतो, जेवला, पोटभर. तिची परीक्षा जवळ आली होती. तिला उगाच काळजी कशाला, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. तिनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती आणि ती माझ्या हातून निसटत होती.

तीन आठवड्यांनी आम्ही त्याला व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण मुलगी होती. आम्हाला आणि त्यालाही 'किया ओरा', म्हणजे इथला माओरी नमस्कार, म्हणाली. तिनं त्याचं वजन केलं, पोट दाबून पाहिलं, शी तपासायला ठेवून घेतली. मग माझ्या फोनमधले पेटीचे फोटो बघून विचारलं, तापमान कुठे मोजता? मी अभिमानानं काचेवर वर चिकटवलेला थर्मामीटर दाखवला. ती म्हणाली, तो तिथे बसत नाही, तो खाली दगडावर बसतो. दगड मोजलात का? मी मोजला नव्हता. नंतर घरी येऊन मोजला तर दगड थर्मामीटरपेक्षा दहा अंशांनी गार निघाला, कारण खिडकीतून गार हवा येत होती. अंग गरम नसलं की त्याला खाल्लेलं पचत नाही, म्हणून तो खात नाही. काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही, कारण त्याला लागणारे किरण काच अडवते. त्यासाठीचा खास दिवा आमच्याकडे होता, पण तो नुसताच पेटत होता. त्यातले ते किरण कधीच संपले होते, आणि तो वर्षाच्या आत बदलायचा असतो हे मला माहीत नव्हतं. नोकरीत असा घोळ दुसऱ्या कोणी केला असता तर मी त्याला सोलून काढलं असतं.

"आणि दिवसातून कितीदा खायला देता?" दवाखान्यातच तिनं पुढे विचारलं होतं.

"आठ-दहा वेळा तरी," बायको म्हणाली. तिला शाबासकीची अपेक्षा होती.

व्हेट हसली नाही. म्हणाली, त्याच्यावर वरून हात आला की त्याला तो झडप घालणारा पक्षी वाटतो. तुम्ही दिवसातून दहा वेळा पक्षी होऊन येता. त्या वेळी तो भुकेचा विचार करत नाही, वाचण्याचा करतो. पेटी पुन्हा शांत खोलीत न्या. सकाळी एकदा पाला ठेवा, आठवड्यातून दोनदा टोळ द्या, तीन बाजूंनी टॉवेल टाका आणि निघून जा. खाल्लं का, हे त्याच्याकडे बघून कळणार नाही. वजन करा.

परतताना गाडीत बायको म्हणाली, "आग्रह करायचा नाही म्हणजे नक्की काय करायचं रे?"

आम्ही पेटी पुन्हा मुलीच्या खोलीत नेली, दिवा बदलला, दगड तापवला, टॉवेल टाकला. दर रविवारी वजन करून आकडा तारखेसह फ्रिजवर मुलीच्या कागदाशेजारी दुसऱ्या कागदावर लिहायला लागलो. आकडा खालीच जात होता. तपासणीत जंत निघाले नाहीत. व्हेट फोनवर म्हणाली, थांबा. थांबणं मला जमत नाही.

जूनच्या शेवटी मुलगी सुट्टीला घरी आली. तिच्या येण्याआधी तो वजनाचा कागद काढून टाकायचा, असं मी ठरवलं होतं आणि साफ विसरलो. पाठीवरची बॅगही न उतरवता ती पाणी प्यायला फ्रिजपाशी गेली आणि तिथेच थांबली.

"बाबा, हे काय आहे?"

मी कागद काढायला हात पुढे केला.

"हे मेपासूनचं आहे. यू सेड पोटभर. एव्हरी सिंगल डे."

"तुझी परीक्षा होती, बाळा."

ती खाली फरशीवर बसली आणि रडायला लागली. मी गडबडलो. तो बरा होईल, नवा दिवा लावलाय, दगडसुद्धा आता बरोबर तापतो, असं काय काय सांगत सुटलो. तिनं मान हलवली.

"मी पण," ती म्हणाली. "मी पण खोटंच लिहायचे. हीप्स वगैरे."

मला अर्थ लागेना. मग हळूहळू, अर्धं इंग्लिशमध्ये, तिनं सांगितलं. जेवायच्या हॉलमध्ये दीडशे मुलं असतात. सगळी आपापल्या टेबलावर. ट्रे घेऊन उभं राहिलं की सगळे आपल्याकडे बघतायत असं वाटतं. मार्चपासून ती आत गेलीच नव्हती. खोलीत बसून ब्रेड आणि सफरचंद खायची. तिथल्या रिकार्टन भागातल्या इंडियन दुकानातून एकदा पराठे आणले, तेही एकटीनं खाववले नाहीत.

तिचा स्वेटर खांद्यावरून घसरत होता. तिला आणायला गेलो तेव्हा एअरपोर्टवर मला ती फॅशन वाटली होती. सरड्याचं वजन मला ग्रॅमपर्यंत पाठ होतं. मला स्वतःची इतकी लाज याआधी कधी वाटली नव्हती.

बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत आली, ताट घेतलं आणि म्हणाली, "आधी ऊठ बघू. थोडी तरी खिचडी..." मी तिचा हात धरला. ती माझ्यावर खेकसणार होती, पण माझ्याकडे बघून थांबली. मी कुकरमधली खिचडी पातेल्यात काढली, झाकण ठेवलं, शेजारी ताट, चमचा आणि तूप ठेवलं. मग आम्ही दोघं मुलीच्या खोलीत जाऊन सरड्याच्या पेटीसमोर बसलो. दार अर्धं लोटून घेतलं.

सरड्यानं त्या दिवशीही काही खाल्लं नाही. पुढच्या आठवड्यात त्यानं दोन टोळ खाल्ले. ते दिव्यामुळे, दगडामुळे, टॉवेलमुळे की मुलगी घरात होती म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

"पुरेल का रे तिला तेवढी?" त्या दिवशी पेटीसमोर बसल्या बसल्या बायकोनं कुजबुजत विचारलं.

"माहीत नाही."

किचनमध्ये बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मला उठून जावंसं वाटत होतं. बायकोनं माझी बाही धरून ठेवली होती. मग पातेल्याचं झाकण वाजलं. नंतर चमचा, सावकाश, थांबत थांबत. आम्ही टॉवेलकडे बघत बसून राहिलो. थोड्या वेळानं झाकण पुन्हा वाजलं, आणि पुन्हा चमचा.