संपाचे सात दिवस आणि सुट्टीचा एक

संप करून आम्ही सरकारी नोकरांनी देशाचं किती कोटींचं नुकसान केलं, हे मला माझ्या मेव्हण्याकडून कळलं. तो पनवेलला एका खासगी कंपनीत बऱ्या हुद्द्यावर आहे. संपाच्या दुसऱ्याच सकाळी त्याने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. दिवसाला इतके कोटी, आठवड्याला तितके कोटी, आणि खाली 'यांना लाज कशी वाटत नाही' असा प्रश्न. ते कोटी कुणी मोजले, कशावरून मोजले, याचा पत्ता नाही. माझ्या सख्ख्या बायकोने त्या मेसेजला अंगठा दिला. मी तेव्हा पेणहून रोह्याला निघालेल्या गाडीत उभा होतो. वडखळ येईपर्यंत मी मनात त्याला निदान दहा उत्तरं दिली आणि एकही पाठवलं नाही, कारण दिवाळीला त्याच्याच घरी जेवायचं होतं.

मी रोह्यातल्या एका सरकारी ऑफिसात दाखल्यांच्या टेबलावर कारकून आहे. ऑफिसचं नाव घेत नाही, कारण मला अजून तिथेच नोकरी करायची आहे. आमचा संप पेन्शनसाठी होता, सात दिवस चालला. संपाने कुणाचं नुकसान होत नाही असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या दिवशी एक म्हातारबाबा दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आले आणि आमच्या तोंडावर म्हणाले, "पोटं भरलीत तरी रडताय." आम्ही खाली माना घातल्या. त्यांचं बरोबर होतं. पण त्यांना शिव्या घालायला समोर माणसं तरी होती, एवढंच मी सांगतो.

माणसं होती, कारण मंडप होता. गेटाबाहेर आम्ही डेकोरेटरकडून लाल-पांढऱ्या कापडाचा मंडप घालून घेतला होता आणि सकाळी दहा ते संध्याकाळी पाच सगळे त्यात बसत होतो. घोषणा अकरापर्यंत संपायच्या. मग भजी, चहा आणि कुणाच्या बदलीत किती अन्याय झाला त्याच्या कथा. चौथ्या दिवशी मंडपाच्या कडेला एक बाई आणि तिची मुलगी येऊन उभ्या राहिल्या. खांब गावाच्या वर डोंगराला लागून एक आदिवासी वाडी आहे, तिथल्या. वाडीतून खांबपर्यंत चालत, तिथून मिनीडोर रिक्षाने कोलाड, कोलाडहून रोहा, असं करून आलेल्या. भातकापणीचे दिवस, म्हणजे दोघींची त्या दिवसाची मजुरी बुडालेली. बाईच्या हातात साड्यांच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, आणि त्यात घरातला झाडून सगळा कागद.

"भाऊसाहेब, बंद हाय का?" बाईने विचारलं.

"बंद आहे मावशी, संप आहे."

"मंग तुमी हितं काय करताय?"

आमच्या संघटनेच्या पुढाऱ्याने चहाचा कप तोंडाला लावला. मी म्हटलं, "बसा. दाखवा काय आणलंय."

मुलगी बारावी झाली होती, वाडीतली पहिली. नर्सिंगच्या कोर्सला तिचा नंबर लागला होता. जागा धरून ठेवली होती, पण जातीचा दाखला ठरलेल्या तारखेच्या आत ऑनलाइन चढवला नाही तर ती पुढच्या नंबराला जाणार. आता या लोकांकडे दाखल्यासाठी पुरावा कुठला असणार? आजा शाळेत गेला नाही, बाप चौथीपर्यंत गेला ती शाळाच बंद पडली. अशा वेळी तलाठ्याने घरी जाऊन चौकशी करायची, मंडळ अधिकाऱ्याने त्यावर अभिप्राय लिहायचा, मग फाइल माझ्या टेबलावर यायची. एरवी ही तीन टेबलं म्हणजे तीन इमारती आणि किमान सहा खेटे. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण आमच्यासारख्यांनीच जन्माला घातली आहे.

पण मंडपात तलाठी माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून भजी खात होता. मंडळ अधिकारी त्याच्या मागे पाय पसरून पेपर वाचत होते. मी पिशवीतले कागद सतरंजीवर मांडले आणि तासाभरात आम्ही तिघांनी मिळून सगळं लावून दिलं. काय कमी आहे, प्रतिज्ञापत्रात काय लिहायचं, चुलत्याच्या कुठल्या कागदाची नक्कल आणायची. तलाठी म्हणाला, "संप मिटला की दुसऱ्या दिवशी वाडीवर येतो." पुढारी माझ्याजवळ येऊन दबक्या आवाजात ओरडला, "संपात काम करतोस? फितूर आहेस काय?" मी म्हटलं, "सही कुठे केली? नुसतं वाचतोय." बाईला त्यातलं किती समजलं कोण जाणे. जाताना ती मुलीला म्हणाली, "बघ गो, हितं सगळी एका जागी हायत. पयलंच हितं यायला पायजे होतं."

संप मिटला. तलाठी शब्दाला जागला, वाडीवर गेला. फाइल माझ्याकडे आली, मी ती त्याच दिवशी पुढे सरकवली. इतक्या वेगाने पळालेली फाइल मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती. आता फक्त मोठ्या साहेबांची सही राहिली होती, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं तशी. साहेब गुरुवारपर्यंत बैठकांना बाहेर. शुक्रवारी सकाळी येणार, संगणकावरून सही करणार, अकराला दाखला हातात. दाखला चढवायची शेवटची तारीख तोच शुक्रवार, रात्री बारापर्यंत. दुपार अख्खी हाताशी होती. मी बाईला फोनवर सांगितलं, "शुक्रवारी दहाला या, मुलीलाही आणा."

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला मोबाइलवर बातमी आली, उद्या सार्वजनिक सुट्टी. निमित्त काय होतं ते लिहीत नाही. निमित्त चांगलंच असतं, म्हणून तर त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही. शुक्रवार, मग शनिवार, रविवार. पेणला परतणाऱ्या गाडीत टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. ज्याने काही तासांपूर्वी फाइलवर 'तातडीचे' म्हणून लाल शाईने लिहिलं होतं, त्या माझ्या डोक्यात ती फाइल आलीच नाही. बाईचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. एक फोन करायचा होता, साहेबांना तर त्याहून आधी. मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, "उद्या कुठे जायचं?" हे लिहिताना मला माझीच चीड येते, पण लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्याचा मला हक्क नाही.

शुक्रवारी मेव्हणा आपली नवी गाडी घेऊन पेणला आला आणि आम्ही अलिबागला समुद्रावर निघालो. वडखळला अडकलो. मुंबईहून सुटलेल्या गाड्या एकीला एक चिकटून उभ्या होत्या. मेव्हणा खुशीत होता. म्हणाला, "भावोजी, बघा, याला म्हणतात उलाढाल! हॉटेलं भरतात, पेट्रोल खपतं, लोकांच्या हातात पैसा खेळतो. अशा सुट्ट्या पाहिजेत."

मी म्हटलं, "आम्ही सात दिवस बंद ठेवलं तेव्हा देश बुडाला होता. आज राज्यभर तीच दारं बंद आहेत. आजचे कोटी कुणी मोजलेत का?"

"तो संप होता, ही सुट्टी आहे," तो म्हणाला, आणि एवढ्यावर त्याचा अर्थशास्त्राचा तास संपला. एक दिवस बंद तो बंदच. आम्ही ठेवला की गुन्हा, वरून हुकूम आला की उत्सव. संपाची नोटीस आम्ही आधी देतो, पत्रकं वाटतो, वर्तमानपत्रात येतं. इथे रात्रीच्या जेवणाआधी तासभर कळतं, आणि तेही ज्याच्या हातात चांगला मोबाइल आहे त्याला. संपाचे दिवस माझ्या रजेतून कापले गेले, साठलेलं काम उरकायला आम्ही दोन रविवार बसलो. सुट्टीचं साठलेलं काम कधी कुणी रविवारी बसून उरकलंय? मी हे सगळं बोललो का? थोडं बोललो. बायकोने मागून माझा शर्ट ओढला.

तेवढ्यात फोन वाजला.

"भाऊसाहेब, आमी आलो हाव. दार बंद हाय. तुमी कुठं बसलाय आज?"

बाहेरच्या हॉर्नमध्ये नीट ऐकू येईना, मी काच वर केली.

"मंडप नाय दिसत कुठं. आमी समदीकडं बघितलं. एसटी स्टँडावर पन बघून आलो."

दाराला कुलूप दिसल्यावर ती दुसऱ्या कुठल्याही माणसासारखी परत फिरली नव्हती. दार बंद असलं की ही माणसं बाहेर एकत्र बसतात आणि कामं तिथे जास्त लवकर होतात, असं ती आमच्याकडूनच शिकली होती. म्हणून मुलीला घेऊन ती तासभर रोहाभर मंडप शोधत होती. सुट्टी म्हणजे काय, हे तिला कोण सांगणार? ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी चूल नाही, असल्या दिवसाला तिच्याकडे सुट्टी म्हणत नाहीत.

मी गाडीतून उतरलो. मेव्हणा म्हणाला, "भावोजी, वेडेपणा करू नका." बायकोने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मी रस्ता ओलांडून उलट्या बाजूची एसटी धरली. वाटेत साहेबांना पाच वेळा फोन लावला. सहाव्यांदा लागला. ते गावी गेले होते, पार घाटावर. संगणकावर सही उमटवायचं ते पेनड्राइव्हसारखं डोंगल ऑफिसच्या कपाटात आणि कपाटाची चावी त्यांच्या खिशात.

"अहो, डोंगल असतं तरी सुट्टीच्या तारखेला दाखला काढून कसं चालेल?" ते म्हणाले. "उद्या कुणी तक्रार केली तर उत्तर मला द्यावं लागेल. सोमवारी पहिलं काम हेच करू." साहेब वाईट माणूस नाही. एखाद्या संपवाल्याने असं म्हटलं असतं तर त्याचं नाव पेपरात आलं असतं, साहेब मात्र नियमाने वागले.

मी पोचलो तेव्हा दोघी ऑफिसच्या पायरीवर बसल्या होत्या. मुलीने पंजाबी ड्रेस इस्त्री करून घातला होता, कारण दाखला घेताना फोटो काढतात असा तिचा समज होता. मी कॉलेजला फोन केला. तिथल्या बाई चांगल्या बोलल्या, म्हणाल्या, "आमच्या हातात असतं तर थांबलो असतो. सगळं संगणकावर आहे, रात्री बाराला बंद होतं." माणसांना सुट्टी दिली, संगणकाला द्यायची राहून गेली. ज्याने हुकूम काढला त्याला एवढं सुचू नये? की अशा दिवशी कुणाचं काय अडतं, हा प्रश्न त्याला कधी पडलेलाच नाही?

मुलगी रडली नाही. तिने विचारलं, "म्हंजे आता नाय व्हनार?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी नक्की." तिने मान हलवली. मी त्यांना मिनीडोरपर्यंत सोडायला गेलो. बाईने मलाच विचारलं, "तुमी जेवलाव का?" त्या दिवशी मला आलेला राग अजून ओसरलेला नाही, आणि तो नेमका कुणावर काढायचा हेही मला कळलेलं नाही.

दाखला सोमवारी निघाला. मुलीची जागा शनिवारीच पुढच्या नंबराला गेली होती. पुढच्या वर्षापर्यंत घरी बसून काय करायचं, म्हणून तिने धाटावला एका कंपनीत ठेकेदाराकडे पॅकिंगचं काम धरलं. पगार हातात यायला लागला, घराला त्याची सवय झाली, आणि पुढच्या वर्षीच्या अर्जाची तारीख निघून गेली. कंपनीला सुट्टी असली की तिचा खाडा पडतो. माझा त्या शुक्रवारचा पगार मला पूर्ण मिळाला.

यंदा कापणी उरकल्यावर बाई पुन्हा माझ्या टेबलापुढे आली. धाकटी मुलगी बारावीला आहे, तिचाही दाखला काढायचा आहे. मी म्हटलं, "मावशी, यावेळी मी स्वतः लक्ष देतो. कागद कधी आणताय?"

"तेच इचारायला आले," ती म्हणाली. "आवंदा तुमचा संप कधी हाय?"

ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच तारीख हवी होती.