निळा दाखला

किस्से काही कोणी मुद्दाम गोळा करत नाही. माझ्या सायकलच्या दुकानात खिळ्याला फाटक्या ट्यूबा लटकायच्या. टाकू टाकू म्हणत राहून जायच्या. तसेच हे राहिले. आज एक ओढायला गेलो की गुंत्यातून बाकीचेही हातात येतात.

दुकान पाचोऱ्याला, स्टेशन रोडवर. दुकान म्हणजे काय, निंबाचं झाड, हवेचा पंप आणि पाण्याचं घमेलं. शेजारी सुपडू टेलर, त्याच्या पलीकडे प्रल्हाद पेंटर, समोर पतपेढी. सुपडूची बायको कमलबाई, तिच्या नावावर पतपेढीचं कर्ज काढून पिको-फॉलची मशीन घेतलेली. सहा हप्ते राहिले होते. हप्ते थकले तर मशीन उचलून नेणार, असं कागदावरच होतं. सुपडूच्या शिलाईला गिऱ्हाईक बेताचं. घर चालायचं ते मशीनवर.

आणि अशा वेळी, ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास, गावात सफारीवाले साहेब आले.

* * *

साहेबांनी मार्केटच्या गल्लीत खोली घेतली आणि प्रल्हादकडून बोर्ड रंगवून घेतला. बोर्ड माझ्या झाडाला टेकवून वाळत ठेवला होता. जो तो जाता जाता वाचायचा, "कर्जमुक्ती केंद्र. वा."

मी प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकलेला माणूस. मला एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचावं लागतं. मी वाचलं आणि म्हणालो, "प्रल्हाद, हे तर 'कर्जयुक्ती' झालंय रे."

प्रल्हादने मान वाकडी करून पाहिलं. "आबा, रंग वाळला आता. कोण बघतं?"

खरंच कोणी बघितलं नाही. साहेबांनीसुद्धा नाही. आणि त्या अख्ख्या बोर्डावर खरं असं तेवढंच एक अक्षर होतं.

* * *

सुपडू तिथं गेला आणि उजळलेल्या तोंडाने परत आला.

"आबा, साहेब सांगस, बठ्ठं, सगळं कर्ज माफ व्हई जाई. फक्त दोनशे रुपये फी आधी. आणि हप्ता पतपेढीत भरायचा नाही, दर महिन्याला साहेबांकडे द्यायचा."

मी म्हणालो, "पावती दिली?"

"नाही. सरकारी काम आहे, गुप्त असतं."

"गुप्त असतं तर बोर्ड कशाला लावला?"

सुपडूने जरा विचार केला. मला वाटलं, पडला प्रकाश. तर म्हणतो, "आबा, तुम्हाला शिक्षणाचं नाही समजणार."

तेव्हा माझ्या हातात ट्यूब होती. मी ती घमेल्यात बुडवली आणि म्हणालो, "हे बघ. ट्यूब बाहेरून चांगलीच दिसते. पाण्यात धरली की भोक असेल तिथून बुडबुडे येतात. तू फक्त पावती माग. बुडबुडे आपोआप दिसतील. आणि पावती नाही, तर पैसा नाही."

सुपडूने ऐकलं नाही, फी भरली आणि हप्तेही साहेबांकडेच देऊ लागला. त्याच्या दुकानात, पडद्यामागे, कमलबाईची पिकोची मशीन चालू होती. ती मात्र तेवढं एक वाक्य होईपर्यंत थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली.

* * *

साहेबांनी दुसरी अट घातली, पतपेढीच्या माणसांशी बोलायचं नाही. बोललं की केस बिघडते.

आता सुपडूचं दुकान पतपेढीच्या तोंडासमोर. हा रोज मार्केटला वळसा घालून, मागच्या बोळातून दुकानात शिरायला लागला. पतपेढीच्या मॅनेजरची पँट त्याच्याकडे शिवायला होती. शिवून तयार, पण द्यायची कशी? दिली तर बोलावं लागेल.

तीन आठवड्यांनी मॅनेजर माझ्याकडे हवा भरायला आले. "आबा, माझ्या पँटचं काय झालं हो?"

मी म्हणालो, "साहेब, ती सध्या गुप्त आहे."

* * *

मग कोऱ्या कागदांची वेळ आली. साहेबांना कमलबाईच्या सह्या हव्या होत्या, चार कोऱ्या स्टॅम्प पेपरवर. मजकूर नंतर भरू म्हणे. सुपडू कागद घेऊन आला, पेनसुद्धा साहेबांनीच दिलेलं.

कमलबाईने दातांनी दोरा तोडला. "काय लिहिणार ह्याच्यावर?"

"ते साहेब पाहतील."

"तुम्ही बिनमापाचा ब्लाउज शिवता का कोणाचा?"

"ते वेगळं."

"मग आधी लिहून आणा. आबा एकेक अक्षर वाचतील, मग मी सही करेन."

सुपडू माझ्याकडे पाहून म्हणाला, "आबा वाचणार म्हणजे दिवाळी उजाडेल."

"उजाडू द्या," कमलबाई म्हणाली. कागद कोरेच परत गेले. त्या घरात शहाणपण होतं, फक्त ते पडद्यामागे बसायचं.

* * *

प्रल्हादचं तर काय सांगावं. बोर्डाचे दीडशे रुपये साहेबांनी दिलेच नव्हते. मी म्हणालो, "अरे, जो रंगाचे पैसे बुडवतो तो दुसऱ्याची कर्जं काय फेडणार? हे जाऊन सुपडूला सांग."

"आधी माझे मागून येतो," म्हणून प्रल्हाद तणतणत गेला. तासाभराने आला तो शांत.

"मिळाले?"

"मिळणार आहेत. साहेब म्हणाले, थकलेली रक्कम वसूल करून द्यायचंही काम ते करतात. पंचवीस रुपये फी."

"कोणाकडून वसूल करणार?"

"त्यांच्याकडूनच की."

मी डोक्याला हात लावला. हा पंचवीस रुपये भरून आला होता!

* * *

सहाव्या महिन्यात साहेबांनी सुपडूच्या हातात कागद ठेवला. कर्ज फिटलं की पतपेढी 'निल दाखला' देते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी दिलेला कागद निळाशार होता, वर गोल शिक्का. सुपडूने त्याला फ्रेम केली आणि देवाच्या तसबिरीशेजारी लावली.

मी बोट ठेवून शिक्का वाचू लागलो. एकही अक्षर लागेना. नुसती नक्षी होती.

आठ दिवसांत साहेबांच्या खोलीला कुलूप लागलं. बोर्ड तेवढा राहिला. सुपडू धीर करून मॅनेजरांकडे गेला, पँट घेऊन आणि फ्रेम घेऊन. मॅनेजरांनी पँट ठेवून घेतली आणि म्हणाले, "अहो, निल म्हणजे शून्य. काही बाकी नाही. निळा रंग कोणी सांगितला तुम्हाला?"

पुढचं ऐकायला सुपडू थांबलाच नाही. फ्रेम काखेत मारून मागच्या बोळातून पळत आला, मशीनवर चादर टाकली आणि पायरीवर बसला. "आबा, सहा हप्ते गेले. मशीन जाई आता. काय खासूत?"

दुपारी पतपेढीचा शिपाई रस्ता ओलांडून सरळ आमच्याकडे आला. सुपडू मशीनला पाठ लावून उभा राहिला.

शिपाई म्हणाला, "कमलबाई कुठं आहेत? त्यांचा कागद आहे."

कमलबाई पडद्यामागून आली. बटणांचा डबा उघडून तिने सहा पावत्या काढल्या, पतपेढीच्या, ओळीने टाचणी लावलेल्या. "दुपारी तुम्ही झोपायचे, तेव्हा मी वरचा पिको करत होते," एवढंच म्हणाली. शिपायाने पावत्या पाहिल्या, पांढरा कागद दिला, वहीत सही घेतली आणि गेला.

मी कागद वाचला, बोट ठेवून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. निल दाखला होता. मग सुपडूला दिला. त्याने तो उजेडात धरला, उलटा केला, निळ्या दाखल्याच्या फ्रेमशेजारी नेऊन ताडून पाहिला. मग जवळ येऊन, बायकोला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला,

"आबा, हाऊ त धवळा शे. हिला कोणीतरी फसवलं."