रिकाम्या किटल्यांची रांग

मनोरुग्णांची काळजी गावानेच कशी घ्यावी, हे आता शिबिरांत चित्रं दाखवून शिकवतात. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकते आणि मनात म्हणते, आमच्या वडवणीकडच्या गावात हे डेअरीवर कधीच करून झालंय.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, संशयाचा आजार होता. घरातल्या कुणी गोळी दिली की त्याला तिच्यात विष दिसायचं. फारच बिघडला की आम्ही त्याला साखळीने बांधायचो. दुसरं काही सुचायचंच नाही. बाजारच्या दिवशी येणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "त्याचा विश्वास कुणावर आहे?" तो होता बायकांच्या दूध सोसायटीच्या चिटणीस मावशींवर. त्यांनी सख्ख्या जावेचं पाणी घातलेलं दूध सगळ्यांदेखत परत पाठवलं होतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून गोळ्या मग डेअरीवरच राहिल्या. दादा सकाळी दूध घालायचा, माप झालं की मावशी त्याच्या हातावर गोळी ठेवायच्या. साखळी अडगळीत गेली.

मग दुष्काळ पडला. जनावरं चारा छावणीत गेली, डेअरीला कुलूप लागलं आणि गोळीही थांबली. काही दिवसांतच दादा भिंतीशी बोलायला लागला. अडगळीतून साखळी काढली ती मीच. सांगायला लाज वाटते, पण काढली. मग ती तिथेच टाकून मावशींकडे गेले.

"आधी यायला काय झालतं गं तुला?" म्हणून त्यांनी मला झापलं आणि दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं. दादा रिकामी किटली घेऊन आला आणि दारातूनच माघारी फिरला. "लाईन न्हाई. केंद्र बंद हाय."

त्या दिवशी मावशी घरोघर फिरल्या. पुढच्या सकाळी डेअरीपुढे चौदा बाया उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात रिकामी किटली. मावशी एकेकीच्या किटलीत माप बुडवायच्या आणि ठसक्यात म्हणायच्या, "निरंक. पुढं या." दादाची पाळी आली. "निरंक. गोळी घे." त्याने घेतली. कुणी हसलं नाही. मी थक्क होऊन बघत राहिले. टँकरवर हंडाभर पाण्यासाठी एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या याच बाया, आणि माझ्या भावासाठी नसलेल्या दुधाची रांग लावून उभ्या होत्या.

"रडायलीस कावून? जा, किटली आण," एकीने सुनावलं.

मग मीही रोज रांगेत उभी राहू लागले. महिन्याभराने एकदा पुढे उभ्या दादाने वळून माझ्या किटलीत डोकावलं. "तुझी बी रिकामीच." आता हा गोळी फेकणार, असंच वाटलं.

त्याने आवाज खाली आणला. "मला पयल्या दिवशीच कळलतं. म्हशी छावणीत, दूध कुठनं येणार? पर एवढ्या बाया पाण्याचं सोडून येत्यात. म्या न्हाई आलो तर बरं दिसंल का?"

तेवढ्यात त्याची पाळी आली आणि त्याने हात पुढे केला.