बुधवारची पोटदुखी

शिंपीकाकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोटाची मापं घेतली. पुढे बायको गेली, दुकान विकलं आणि दर बुधवारी ते स्वतःचं पोट घेऊन मेडिकल कॉलेजात जायला लागले. तिथे पचनसंस्था शिकवणाऱ्या बाईंना मुलांच्या सरावासाठी खोटा पेशंट हवा होता. बाई दुखणं समजावून द्यायच्या, काका ते पाठ करायचे. कधी अपेंडिक्स, कधी पित्ताशयातले खडे, कधी नुसतीच जुनाट बद्धकोष्ठता. नेमक्या जागी बोट पडलं की असे कळवळायचे, की एकदा एक मुलगा घाबरून पाणी आणायला धावला होता.

काकांचा जीव अडकला होता तो मुलांच्या प्रश्नांत. जेवलात का? काय जेवलात? झोप लागते का? एरवी हे त्यांना कुणी विचारत नसे. घरी रेडिओ कितीही मोठ्याने लावला तरी खोली गप्पच असायची.

अलीकडे मात्र पोट खरंच दुखत होतं. एकट्यासाठी कोण रांधणार, म्हणून गुडघ्यांच्या गोळ्या ते रिकाम्या पोटीच घ्यायचे. बेंबीच्या वर काहीतरी कुरतडत राही, बिस्कीट खाल्लं की थांबे. हा अल्सर, हे त्यांना कळत होतं. मागच्या सत्रात त्यांनी तो झकास वठवला होता. पण खऱ्या आजाऱ्याला सरावाला घ्यायचं नाही, हा बाईंचा नियम. म्हणून काका तोंडातून चकार शब्द काढत नव्हते.

त्या बुधवारी पित्ताशयाची पाळी होती. मुलं उजव्या बरगडीखाली दाबत होती, काका श्वास अडकवून दाखवत होते. शेवटी आली गोगलगाय. ती फार सावकाश तपासते म्हणून वर्गाने हे नाव ठेवलं होतं. तिची बोटं पोटाच्या मधोमध, बेंबीच्या वर टेकली आणि काकांच्या तोंडून "आई गं!" निघून गेलं.

"काका, चुकलात," बाई हसल्या. "आज खडे आहेत, अल्सर नाही."

"वय झालं बाई, पाठांतर सांडतं."

"आटप गं, काका म्हातारे व्हायच्या आत!" मागून एकजण ओरडला.

"झालोच आहे रे," काका म्हणाले. वर्ग हसला.

गोगलगायीने हात काढला नाही. वाकून हळूच म्हणाली, "काका, खरं सांगा. संडासला काळी होते का? डांबरासारखी?"

'नाही' जिभेवर तयार होतं. तेवढं म्हटलं की पुढचा बुधवार शाबूत. पण ती उत्तरासाठी थांबली होती, आणि काकांसाठी असं कुणी थांबून किती दिवस झाले होते!

"होते," ते म्हणाले. "परवापासून."

म्हणजे पोटात रक्त जात होतं. बाईंचं हसू मावळलं. त्यांनी स्वतः काकांना खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात नेलं, तिथल्या डॉक्टरांच्या हवाली केलं आणि मुलांचा तास पुरा करायला परत वर गेल्या. डॉक्टर विचारत गेले, काका सांगत गेले. कुठेच अडखळले नाहीत.

"आजच दाखल व्हावं लागेल. दुर्बिणीने आतून बघू. सोबत कोण आहे?"

हा प्रश्न बाईंनी पाठ करून घेतलेल्या एकाही दुखण्यात आला नव्हता.

"वर आहेत," काका म्हणाले. "तास सुटला की येतील."

"तुमचे कोण?"

काकांनी जिन्याकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

"ओळखीचे," ते म्हणाले.