अध्यक्षांसाठी वाजलेली घंटी

माणसाची पारख मला अजिबात नाही, म्हणून आमच्या शाळेने वक्तृत्व स्पर्धेचे स्वयंसेवक निवडायचं काम मलाच दिलं.

बाकीची लेकरं पटापट लावली. प्रश्न होता माझ्याच पोरीचा! नववीतली मुक्ता. गेल्या वर्षी तिला स्वागताला उभी केली, तर पाहुण्याला फूल देता देता म्हणाली, "काका, दहाचा कार्यक्रम होता, साडेअकरा वाजले." (ते काका म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. मी तेव्हा खांबामागे होतो.)

"तिले माईक द्या न! काऊन नाई देत?" बायको म्हणाली.

"घंटी देतो. कोपऱ्यात बसून ती वेळ मोजीन. पाहुण्यांशी बोलायचं कामच नाई!"

स्वतःच्या हुशारीवर इतका खूश झालो की दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. मुक्ताला बजावलं, "चार मिनिटं झाले का एक घंटी, पाच झाले का दोन. तरी थांबला नाई, तर वाजवतच राहाय. समोर कोणी का असंना!" (हे शेवटचं उगाच रुबाबात बोललो.)

आता, आमच्या धामणगाव बढ्यात स्पर्धा कमी आणि सत्कार जास्त. शाल, श्रीफळ, मग सत्कारमूर्तींचं मनोगत! एक वाजला तरी पहिला स्पर्धक उठला नव्हता. यादीत शेवटी जळगाव जामोदच्या तीन पोरी होत्या. त्यांची शेवटची एसटी पाचची. त्यातली एक सकाळपासून डोळे मिटून भाषण पुटपुटत होती.

"सर, आमच्या पोट्ट्यायचा नंबर लागीन न?" त्यांच्या बाईंनी विचारलं.

"लागीन, लागीन!" मी म्हणालो. लागणार नाही हे मला पक्कं माहीत होतं. दरवर्षी दोन-चार लेकरं अशीच न बोलता परत जातात, आणि आम्ही त्यांना सहभागाचं प्रमाणपत्र देतो!

अध्यक्ष उठले. स्वतःच्या बालपणापासून सुरू झाले. ते तिसरीत गेले तेवढ्यात... टण्ण!

अध्यक्ष हसले. मीही हसलो. मिनिटाने दोनदा वाजली. आता एकटा मीच हसत होतो. आणि मग अरे बाप्पा, टणटणटणटण! देवळात आरती लागल्यासारखी!

मी कमरेत वाकून स्टेजवरून धावलो. "मुक्ते, बंद कर! अध्यक्ष हायेत ते!"

"बाबा, तुमीच सांगतलं न, समोर कोणी का असंना! त्या पोरींची गाडी चुकून राह्यली!"

अध्यक्षांचा माईक जवळच चालू होता. सगळ्या सभागृहानं ऐकलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कोनाची पोरगी हाय बे ही?"

मी पडद्यामागे सरकलो. (हो, इतका मी शूर!)

"माही चूक झाली, पोरी," ते म्हणाले आणि चक्क खाली बसले! मग पुढच्या पाहुण्यांपैकी एकाचीही तोंड उघडायची छाती झाली नाही.

साडेचारला तिन्ही पोरींची भाषणं झाली. ती पुटपुटणारी तर अशी बोलली, की परीक्षक लिहायचं विसरले. खोटं कशाला सांगू! मुक्ताचा मला असा अभिमान वाटला, की तिला उचलून नाचावंसं वाटलं.

स्टँडवर एसटीच्या खिडकीतून त्या बाई ओरडल्या, "सर, घंटीवर त्या पोरीले कोनं बसवलं हो? काय निवड हाय!"

मुक्ता शेजारीच उभी होती. तिच्याकडे न बघता मी छाती पुढे काढली.

"मीच! माणूस ओळखता आला पाह्यजे न, बाई!"