टेकायला जागा

लातूरच्या क्लासेसमध्ये सुदर्शन सरांचं नाव होतं ते झटपट निर्णयासाठी. फिजिक्सचा प्रश्न फळ्यावर लिहायचा, खाली चार पर्याय, आणि मुलांकडं वळून म्हणायचं, "विचार करत बसू नका. चुकीचे खोडा, उरलं ते उत्तर." 'वरीलपैकी एकही नाही' असा पर्याय दिसला की ते हसत. "हे बावळटांसाठी ठेवलेलं असतं. तिकडं बघायचंसुद्धा नाही."

औसा रोडवर सुदर्शनचा नवा फ्लॅट झाला तेव्हा फरशी, रंग, पडदे, ओटा सगळं बायकोनं, शिल्पानं, ठरवलं. शेवटी म्हणाली, "स्वयंपाकघरातल्या कपाटांची हँडलं तेवढी तुम्ही बघा." सुदर्शनला तो मोठा मान वाटला. पोळ्या लाटताना मधेमधे करणाऱ्या पोराच्या हातात कणकेचा गोळा देतात, तसं काहीसं झालंय, हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला.

तोवर त्यानं तो गोळा मनापासून मळला होता. गंजगोलाईजवळ गुरुपादप्पांचं हार्डवेअरचं दुकान. तिथं भिंतभर पाट्यांवर हँडलं लावलेली. लांब, आखूड, पितळी, काळी, गोल मुठी, फुलांच्या मुठी. चार पर्यायांवर पोट भरणारा माणूस चारशे पर्यायांसमोर उभा राहिला आणि त्याला घाम फुटला. चुकीचं खोडावं, तर एकही चुकीचं नव्हतं. क्लास सुटला की तो तिथं जाई. नमुन्याचं एखादं हँडल खिशात घालून घरी आणी, दाराला चिकटपट्टीनं लावून लांबून बघे, सकाळच्या उजेडात बघे, शिल्पाला बघायला लावी. एकदा तर त्यानं गुरुपादप्पांना बिजागरीपासूनच्या अंतराचा आणि जोर लावण्याचा संबंध समजावून सांगितला. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, दार उघडतंय का न्हाई, एवढंच बघतेत लोकं."

शेवटी पसंत पडलं ते वीतभराहून लांब, काळं, सडपातळ, चौकोनी कडांचं उभं हँडल. सुतारानं ती सगळ्या दारांना बसवून दिल्यावर सुदर्शन आल्यागेल्याला काही ना काही निमित्तानं स्वयंपाकघरात नेई आणि उगाच दोनचार दारं उघडून मिटवी. पाहुणे फ्रिजचं कौतुक करत.

मग त्याची आई आली. गुणाबाई. वडील गेल्यापासून बिलोलीजवळच्या खेड्यात ती एकटीच राहत होती, आणि सुदर्शन दर फोनला तेच विचारी, "माय, येतीस का इकडं, कायमची?" या खेपेला ती म्हणाली होती, "बघते राहून. करमलं तर ऱ्हाते." त्या एका 'तर'ला सुदर्शनचा जीव टांगलेला होता.

गुणाबाईनं सोफा बघितला, तिच्यासाठी केलेली खोली बघितली, गादी दाबून बघितली आणि स्वयंपाकघरात जाऊन सरळ खाली बसली. पाय पसरलेले, पुढ्यात मेथीची जुडी, पाठ ओट्याखालच्या कपाटाला. तिथून गॅसपाशी उभी असलेली शिल्पा दिसे, खिडकीतून लिंबाचा शेंडा दिसे. फक्त टेकली की ती लगेच सरळ होई. जरा सरके, पुन्हा टेके, पुन्हा सरळ. सुदर्शनला वाटलं, वय झालं, चुळबुळ वाढली.

आठवडा व्हायच्या आत ती म्हणाली, "बाबा, बिलोलीची गाडी कवा असती, बघ की."

"काय कमी पडलं माय इथं?"

"कमी काय न्हाई. लई हाय. टेकायला जागा तेवढी न्हाई."

"एवढा सोफा हाय की!"

"सोफ्यावर बसून मेथी निवडू? अन् बोलू कुणासंगं, टीव्हीसंगं?"

"मग पाठीला उशी घे."

"घेतली. ती घसरती, अन् तुझी ती काळी काठी हाडाला लागती."

ती अंघोळीला गेल्यावर सुदर्शन गुपचूप तिच्या जागी बसला. टेकला. दोन दारांची दोन हँडलं, शेजारी शेजारी, बरोब्बर पाठीच्या कण्याशी आली. निवडताना त्यानं हाताचा, डोळ्यांचा, उजेडाचा, भिंतीच्या रंगाचा, सगळ्यांचा विचार केला होता. पाठीचा मात्र नाही. आणि तो वाढला त्या घरात खुर्ची एकच होती, ती पाहुणा आला की निघे. त्याचा सगळा अभ्यास भिंतीला टेकून झालेला.

दुसऱ्या दिवशी तो गुरुपादप्पांच्या दुकानात गेला, पाट्यांकडं पाठ करून उभा राहिला आणि हळूच टेकला.

"सर, काय करायलाव?" आप्पा दचकले.

"हँडल बघायलोय."

"तिकडं तोंड करून बघतेत की!"

"आप्पा, एक पाटी खाली काढता का? बसून बघायचंय."

पाटी खाली आली. सर फरशीवर मांडी घालून बसले. गोल मूठ टोचली म्हणून सरकले, पितळी कडी टोचली म्हणून आणखी सरकले. तेवढ्यात क्लासमधली शिवांगी वडिलांबरोबर दुकानात शिरली.

"सर, पाठ दुखायली का?"

"नाही. तुलना करतोय," सर म्हणाले. शिकवताना लावायचा तो आवाज तिथं, जमिनीवर, त्यांचा त्यांनाच ऐकवेना.

टोचत नव्हतं असं एकही निघालं नाही. रिकाम्या हातानं घरी येऊन त्यानं शिल्पाला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "मग काढून टाका ना, त्या दोन दारांची."

"अन् लावू काय?"

"काहीच नका लावू."

वरीलपैकी एकही नाही. पेचकस आणून सुदर्शननं स्क्रू काढले. दारांवर भोकं उरली. ती त्याच्याकडं रोखून बघतायत असं त्याला वाटलं.

"आता उघडावं कसं?" गुणाबाईनं विचारलं. सुदर्शननं चुंबक, स्प्रिंग, दाबून उघडणारी दारं, असं रीतसर सुरू केलं. तोवर ती आपल्या पिशवीतून जुन्या लुगड्याचा हिरवा काठ फाडून घेऊन आली. वरच्या-खालच्या भोकांतून तिनं तो ओवला आणि आतल्या बाजूनं गाठी मारल्या. दोन मऊ बंद तयार झाले. मग ती खाली बसली आणि टेकली. टेकलेलीच राहिली.

"शिल्पे, लसूण दे इकडं. अन् भामाबाईच्या सुनेचं तुला सांगितलं का न्हाई मी?"

भामाबाईच्या सुनेची गोष्ट लांबलचक होती. बिलोलीच्या गाडीची वेळ सुदर्शननं विचारून ठेवली होती. त्यानं ती सांगितली नाही, तिनंही पुन्हा विचारली नाही.

दिवाळीत शेजारच्या विशाखाताई फराळाला आल्या. स्वयंपाकघरात डोकावल्या. त्यांची नजर सगळ्या काळ्या हँडलांवरून कुठंही न अडता घसरत गेली आणि त्या हिरव्या बंदांवर थांबली.

"अगं बाई, हे कुठून आणलंत? किती छान दिसतंय!"

सुदर्शन तोंड उघडणार, तोच खालून, टेकल्या टेकल्या, गुणाबाई म्हणाली, "आमच्या सुदर्शनची पसंती हाय ती. लई हिंडला बिचारा त्याच्यासाठी."

सुदर्शननं ताट पुढं केलं. "चकली घ्या," तो म्हणाला.